मावशींचा डावा गाल

"सावलीला हात लावायचा नाही. तिनं जे झाकलंय ते झाकलेलंच राहू दे."

फोटोग्राफी शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एकोणीस वर्षं विमा कचेरीत दावे तपासून मी नोकरी सोडली आणि कॅमेरा घेतला, ती अशा वाक्यांच्या भरवशावर. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी," एवढंच घरी हे म्हणाले, आणि आठवड्याभरात स्वतःच लेन्स घेऊन आले.

सकाळचा जप होईपर्यंत मी बोलत नाही. त्या मौनातच शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींचे फोटो काढायचे. खिडकीकडे पाठ करून त्या मशीनवर बसतात. उजेड खांद्यावरून कापडावर, बोटांवर पडतो. चेहरा आणि डाव्या गालावरची भाजल्याची खूण अंधारात राहते.

"हात काढ हवे तेवढे, तोंड नको," त्या म्हणाल्या होत्या. "आणि कधी दिसलंच, तर लोकांकडून कळायला नको मला. तू येऊन सांगायचंस. कबूल?"

मौन होतं. मी त्यांचा हात हातात घेतला.

प्रदर्शनासाठी सरांनी मूळ फाइल मागितली. फोटोत काळं दिसलं तरी मूळ फाइलमध्ये सगळं असतं, उजळलं की वर येतं, हे त्यांनीच शिकवलेलं. मावशींची अट मी त्यांना सांगितली आणि फाइल दिली. गुरूपासून काय राखून ठेवायचं?

आज दुपारी दालनात गेले तर भिंतीवर मावशी होत्या. संपूर्ण. गालासकट.

"सर, हे काय केलंत?"

"अगं, होतं तेच बाहेर काढलं. पदरचं काही घातलं नाही."

"मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस गं. पण नुसत्या हातांपाशी कोण थांबतं? बघ, सगळे इथेच उभे आहेत." मग खांद्यावर थोपटून म्हणाले, "पहिल्याच घासाला खडा शोधू नकोस."

तेवढ्यात नणंदबाई मोबाइल नाचवत आल्या. "वहिनी, कमाल! बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलासुद्धा!"

मावशींकडे साधा फोन आहे, पण कामावरून परतणारं कुणी ना कुणी तो फोटो कौतुकानं त्यांच्यापुढे धरणारच.

मी फ्रेम खिळ्यावरून उचलली.

"उतरवलीस तर माझ्याकडे परत यायचं नाही," सर हळूच म्हणाले, लोकांना ऐकू जाणार नाही असं.

तीन वर्षं मी या माणसाच्या पाया पडून कॅमेरा हातात घेत होते. आजही वाकले. मग फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"निघालीस कुठे? भाषणं व्हायचीत अजून," नणंदबाई म्हणाल्या.

"मावशींकडे."

"त्यांना दाखवायला?"

"सांगायला," मी म्हटलं, आणि जिना उतरू लागले.