योग्य वाटेल ते

वर्षअखेरच्या सुट्टीत घरातल्या प्रत्येकाला भेट मिळावी आणि ती आत्याबाईंनीच आणावी, असा तीस वर्षांचा शिरस्ता होता. त्यापायी त्या महिनाभर दुकाने पालथी घालीत. कोणाला लोकर टोचते, कोणाचा डावा पाय उजव्याहून बोटभर मोठा, सारे त्यांना तोंडपाठ. परतत तेव्हा जीव मेटाकुटीला आलेला असे; पण दारातच "काय आणलंत?" असा गलका झाला की शीण कुठल्या कुठे पळे. बिनलग्नाच्या बहिणीला धाकट्या भावाच्या घरात तेवढाच एक मान होता.

यंदा पुतण्याच्या बायकोने, सूनबाईंनी, फ्रिजवर कागद चिकटवला : 'ज्याला जे हवे ते लिहावे. एका बैठकीत मागवते.'

"आत्याबाई, तुमची दगदग वाचली!"

"मी कधी कुरकुरले होते?"

"पाय शेकत बसता, ते दिसत नाही का आम्हाला?"

"वन्सं, आता खुशाल पाय पसरून बसा," भावजय हसली.

दोन दिवसांत कागद भरला. पुतण्याने बुटांचा नंबरसुद्धा लिहिला. आत्याबाई मात्र कागदापुढे दोनदा जाऊन माघारी आल्या. आपल्या तोंडाने मागणे त्यांच्या वळणात बसत नव्हते. कोणी आग्रह केला तर सांगू, असे मनाशी धरून त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिले, 'तुम्हाला योग्य वाटेल ते.' खरे तर वस्तूची हौस नव्हतीच; आपल्यासाठीही कोणी घटकाभर डोके खाजवावे, एवढेच हवे होते.

आग्रह कोणीच केला नाही.

सुट्टीच्या सकाळी खोकी फुटली. आत्याबाईंचे सर्वांत मोठे. त्यांना भरून आले. आतून चाकांची बॅग निघाली.

"मला कुठं जायचंय?"

भाऊ कपातला चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती. "अक्का, सूनबाईंना घरून काम करायचं तर खोली हवी. वृद्धाश्रम चांगला आहे गं. रविवारी गाडी सांगितलीय."

"तुम्हीच लिहिलं होतंत ना, योग्य वाटेल ते?" सूनबाई गोडीगुलाबीने म्हणाल्या. "आम्ही चौघांनी बसून विचार केला."

आत्याबाईंनी त्या भडक जांभळ्या बॅगेवरून हात फिरवला. "रंग कोणी निवडला?"

"तोच शिल्लक होता."

त्या ताठ उभ्या राहिल्या. आवाज कापला नाही. "रविवार कशाला? मी आजच निघते."

"आज नाही घेणार, वन्सं," भावजय खोकी गोळा करता करता म्हणाली. "सुट्टी आहे त्यांची. आम्ही कालच विचारून पाहिलं."