दगडाचं गाऱ्हाणं

साऱ्या पृथ्वीवर तो दगड निघून जाऊ नये असं वाटणारा माणूस एकच होता, आणि तो लांज्यापासून पंधरा किलोमीटर आत, एका वाडीत, गडग्यावर बसून फोनची वाट बघत होता.

गडगा म्हणजे जांभ्या दगडांची एकावर एक रचलेली कुंपणाची भिंत. भागोजीच्या परसातल्या गडग्याच्या एका टोकालाच तेवढी रेंज यायची. रोज संध्याकाळी सातच्या आधी तो तिथे पोतं टाकून बसायचा, टोपी नीट करायचा, जणू फोनमधून कुणी बघणार होतं. सातच्या ठोक्याला फोन वाजायचा आणि मुंबईहून सानवी विचारायची, "आजोबा, आज काय झालं? दगड कुठे आला?"

सानवी सातवीत. त्याच्या मुंबईतल्या मुलाची, अनिलची एकुलती एक मुलगी. डोंगराएवढा एक लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार म्हणून बातम्या सुरू झाल्या आणि तिच्या मोबाइलवर कुणी दीडशहाण्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यात दगड अरबी समुद्रात पडतो आणि कोकण धुऊन निघतं. पोरगी घाबरली. तिने आईच्या मागे लागून आजोबांना फोन केला, "तुम्ही तिथे एकटे आहात ना!"

अकरा महिन्यांत त्या घरातून आलेला तो पहिला फोन. भागोजीने दगडाचे मनोमन आभार मानले.

अकरा महिने का, ते सांगायलाच हवं, कारण त्यात सगळा दोष भागोजीचा होता आणि तो त्यालाही ठाऊक होता. भागोजी गावचा मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. तो देवाला साऱ्या गावाच्या वतीने साकडं घालायचा आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका आवाजात म्हणायची, "व्हय म्हाराजा!" तो होकार आल्याखेरीज पुढचं वाक्य बोलायचं नाही, असा रिवाज. कुणी 'व्हय' म्हटलं नाही, तर गाऱ्हाणं देवाच्या कानावर गेलंच नाही असं समजायचं.

गाऱ्हाण्यात मुंबईकरांची नावं घेतात. कुणाचा मुलगा गोदीत, कुणाचा बँकेत, सगळ्यांना सुखी ठेव म्हणायचं. गेल्या शिमग्याला पालखी दारात आली आणि अनिल आला नव्हता. कंपनीने रजा दिली नाही, वर पोरीची परीक्षा. पालखीला मानकऱ्याच्या घरचाच खांदा नाही, म्हणून भागोजीचं डोकं फिरलं. गाऱ्हाण्यात त्याने गावच्या चव्वेचाळीस पोरांची नावं घेतली आणि स्वतःच्या पोराचं नाव घेतलं नाही. कुणीतरी ते सगळं मोबाइलवर टिपलं आणि वाडीच्या ग्रुपवर टाकलं.

रात्री तो गडग्यावर असताना अनिलचा फोन आला. "आबा, माजा नाव ऱ्हायला, का मुद्दाम काढलात?"

'ऱ्हायला' एवढंच म्हणायचं होतं. म्हातारा माणूस, विसरला, पोराने हसून सोडून दिलं असतं. भागोजी म्हणाला, "काढला."

त्यानंतर फोन नाही, गणपतीला येणं नाही. गणपतीत भागोजीने एकट्याने आरती केली. टाळ्या वाजवायच्या की निरांजन धरायचं, असा त्याला प्रश्न पडला होता. बायको गोदा असती, तर तिने दोघांचीही कानउघाडणी केली असती. पण ती जाऊन चार वर्षं झाली होती.

म्हणून दगडाचं त्याला इतकं कौतुक. अनिल दुसऱ्या पाळीला गेला की सून तेजस्वी हळूच फोन लावून द्यायची. सानवी शाळेत ऐकलेलं सगळं सांगायची. दगड चंद्राच्याही पलीकडून जाणार, जगभर दुर्बिणी लावून माणसं असल्या दगडांच्या याद्या करतात, एकदा तर एका दगडाला यान आपटून त्याची वाट बदलून दाखवली.

"आपाटल्यावर फुटला काय गो?"

"फोडायचा नसतो, आजोबा. नुसता ढकलायचा. लवकर ढकलला तर एवढासा धक्का पुरतो. तो पुढे जातो तशी वाट आपोआप लांब लांब होत जाते. उशीर केला तर मग काही उपयोग नाही."

हे मात्र भागोजीला झोंबलं. त्याने विषय बदलला आणि काजूला मोहर कसा आलाय ते सांगत बसला.

आठव्या दिवशी सानवी खुशीत होती. "आजोबा, सर म्हणाले, दगड पडणार नाही. शंभर टक्के. आता घाबरायचं काही कारण नाही."

कारण नाही म्हणजे उद्या फोन नाही. आणि भागोजीच्या तोंडून निघून गेलं, "तुज्या सरांना काय ठावक? मी देवाला कौल लावलाय. देवान अजून कौल दिलेला न्हाय."

कौल लावला नव्हता, काही नव्हतं. देवाच्या नावावर धडधडीत खोटं, तेही मानकऱ्याने. पलीकडून पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "मी उद्या परत फोन करते हं."

त्या रात्री त्याला मजेत झोप लागली, हे सांगायला त्याला पुढे फार लाज वाटली असती. सकाळी तो गडग्याशी गेला तर तेजस्वीचा फोन आला. "मामंजी, पोर रात्रभर झोपली नाही. सारखी म्हणते, आजोबांच्या देवाने सांगितलंय. तुम्ही काय सांगितलंत तिला?"

स्वतःच्या एकटेपणावर उतारा म्हणून आपण पोरीला भीती पाजली, हे भागोजीला लख्ख दिसलं. "सून बाय," तो म्हणाला, "शनवारी तो दगड जायाचा ना? त्या येळेला मी गाऱ्हाणं घालतो. तिला सांग, आजोबा बंदोबस्त करतायत."

शनिवारी संध्याकाळी साडेपाच ही दगड जायची वेळ. भागोजी दुपारपासून माणसं गोळा करायला निघाला. बावीस घरांची वाडी, त्यातली सात उघडी. हरिश्चंद्र डोळ्याच्या ऑपरेशनला रत्नागिरीला गेलेला. बाबू गुरव लांज्याला लग्नात. दोघं काजूच्या कारखान्यावर, सुटायला आठ वाजणार. उरलेल्या घरांत एक हौसा भेटली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावजी, दगड आबाळातना जातोय, तर तुमी कशाला उनातना फिरताव? बसा, च्या घेवा." चहा पिऊन तो एकटाच परत आला. 'व्हय' म्हणायला गावात माणूस उरला नव्हता.

पाच वाजता त्याने नारळ घेतला आणि देवळाऐवजी गडग्याकडे गेला. तिथून केदारलिंगाच्या देवळाचा कळस दिसायचा. नारळ गडग्यावर ठेवला, आणि सानवीचा फोन आला तसा तो स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला.

"सानू, मी बोलतो आनि थांबतो. थांबलो की तू 'व्हय म्हाराजा' म्हणायचंस. जोरात. देवळापतूर ग्येला पायजे."

"मी एकटीच?"

"तू एकटीच."

त्याने टोपी काढली, हात जोडले. "बा देवा केदारलिंगा म्हाराजा! आज जो काय दगड आबाळातना चाललाय, तो ज्या वाटेन आला त्या वाटेन सुखरूप जाव दे!"

"व्हय म्हाराजा!" फोनमधून चिमणीएवढा आवाज आला.

"मी माज्या नातीला जे काय खोटा सांगितला, कौल लावला न्हवता तरी लावला म्हणून सांगितला, ती चूक पोटात घे!"

"लावलाच नव्हता, आजोबा?"

"न्हाय. तू फोन करशील म्हणून बोललो. तू म्हण."

"व्हय म्हाराजा," सानवी म्हणाली. ती रागावली होती की हसली, ते त्याला कळलं नाही.

मग नावं आली. चव्वेचाळीस नावं त्याने सवयीने घेतली, चाळीस वर्षांत तो कुणाचं नाव विसरला नव्हता. शेवटी पंचेचाळिसावं नाव आलं. "आनि माजा अनिल, त्याला सुखात ठेव. जित आसंल तित त्याच्या पाठीशी ऱ्हा."

"व्हय म्हाराजा! आजोबा, बाबांना सांगू तुम्ही त्यांचं नाव घेतलंत?"

"नको," भागोजी म्हणाला. मोडेल पण वाकणार नाही अशी त्याची खोड. पश्चात्ताप झाला तरी ती गेली नव्हती.

साडेपाचला तो वर बघत उभा राहिला. आभाळ नेहमीसारखं होतं. दोन घारी फिरत होत्या. दगड कुठूनतरी गेला, कुणाला दिसला नाही. "गेला, आजोबा!" सानवी ओरडली. "टीव्हीवर सांगितलं! आता शंभर वर्षं काळजी नाही!"

"शंभर वरसा," भागोजी म्हणाला. "बरा झाला."

रविवारी सात वाजता तो गडग्यावर होता. फोन आला नाही. सोमवारी आला नाही. पोर बिचारी खेळायला गेली असेल, अभ्यास असेल, तिचं काय चुकलं? भीती गेली, हेच तर त्याने देवाकडे मागितलं होतं. मंगळवारी तो साडेआठपर्यंत बसला. मच्छरांनी पाय फोडून काढले. आपण असेच एक दिवस जाऊ आणि फोन गडग्यावर वाजत राहील, असं मनात येऊन त्याला रडू आलं, आणि बघायला कुणी नाही म्हणून तो मोकळेपणी रडला.

गुरुवारी अनिलची सुट्टी असते. भागोजीने गुरुवारी सकाळी, ऊन तापायच्या आधी, गडग्यावर जाऊन स्वतःच्या हाताने नंबर लावला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

"हॅलो. आबा? बरे हायत ना?"

"बरा हाय."

पुढे काय बोलायचं? जन्मभर तो गावाच्या वतीने देवाशी बोलला होता, लेकाशी बोलायचं काम गोदा करायची. तेव्हा भागोजी गडग्यावरून उठला, टोपी काढली, आणि त्याला येत होतं तसं बोलू लागला.

"बा अनिल म्हाराजा! गेल्या शिमग्याला तुजा नाव ऱ्हायला न्हवता. मी काढला. घरात मी एकटाच पडलो, तो राग मी तुज्यावर काढला. ह्या म्हाताऱ्याची ती चूक तू पोटात घे!"

आणि तो थांबला. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, सानवीचा आवाज आला, "कोण आहे, बाबा?" अनिल काही बोलला नाही. त्याने फोनही ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, चढून आल्यासारखा.

बोलायचं अजून पुष्कळ होतं. पण होकार आल्याखेरीज पुढचं वाक्य बोलायचं नसतं. भागोजी टोपी हातात धरून, फोन कानाशी घट्ट दाबून, तसाच उभा राहिला.