शंभर चुकांचा फळा

जेवणघराच्या भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर आमच्या तुकडीतल्या अकरा जणांची नावं आणि प्रत्येक नावापुढे खडूच्या रेघा. तीन महिने झाले तेव्हा माझ्या नवऱ्यापुढे एकशे एक्केचाळीस रेघा होत्या आणि माझ्यापुढे सहा. त्या सहांचा मला फार अभिमान होता, कारण एक रेघ म्हणजे एक चूक.

प्रभूच्या सेवेला परदेशी, पोलिश बोलणाऱ्या मुलखात जायचं, म्हणून आम्ही चार महिन्यांच्या प्रशिक्षणाला आलो होतो. नवरा शाळेची बस चालवायचा, ती नोकरी सोडून आला. मी महाविद्यालयात भाषेत पहिली आलेली. आणि आमची अडीच वर्षांची खारू, जिला सगळं जग खिशात भरायचं असतं. वसतिगृहात एक खोली मिळाली. दोन लोखंडी पलंग जोडून केलेला एक पलंग, मधल्या फटीत कोंबलेली रजई, खिडकीच्या गजांवर खारूचे मोजे. सकाळी साडेसहाला प्रार्थना, मग भांड्यांची पाळी, मग पवित्र शास्त्र, प्रथमोपचार आणि दोन तास पोलिश.

पोलिश शिकवणाऱ्या बाई त्याच भाषेत जन्मलेल्या. पूर्वी परिचारिका होत्या, आमची भाषा इथे राहून शिकलेल्या. त्यांचा नियम साधा होता. दुपारी मागच्या गल्ल्यांत फेरीला जायचं. तिथे पोलिश बोलणारी चाळीसेक कुटुंबं होती, त्यांची बेकरी होती, न्हावी होता, लाँड्री होती, औषधांचं दुकान होतं. चूक झाली की चिठ्ठीवर लिहायची: काय म्हणालो, कोणाला, पुढे काय झालं. दुसऱ्या दिवशी न्याहारीला उभं राहून ती वाचायची. सगळे टाळ्या वाजवत, बाई रेघ ओढत.

"शंभर रेघा झाल्याशिवाय पाठवणीचं पत्र नाही," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "नवरा-बायको असाल तर दोघांच्याही शंभर. एकाच्या राहिल्या तर दोघं इथेच."

मला ती गंमत वाटली होती. चुका करायला कोण शिकवतं?

नवऱ्याला मात्र शिकवावं लागलं नाही. त्याचं पोलिश सगळं प्रार्थनेतून आलेलं. न्हाव्याकडे गेला आणि कानावरचे केस कापू नका, हे सांगता येईना, म्हणून हात जोडून म्हणाला, "माझ्या केसांना क्षमा करा." न्हाव्याने कात्री खाली ठेवली आणि पोट धरून हसला. आता तो रस्त्यापलीकडून हाक मारून विचारतो, आज कोणाला क्षमा करायची आहे? त्याच्या घरी नवरा दोनदा चहा पिऊन आला.

"तुला लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"लाज वाटते ना," तो म्हणाला. "पण चहा चांगला असतो."

मी वेगळी तयारी करत होते. माझ्या वहीत ताप, जुलाब, घरघर, पुरळ, सगळ्याची वाक्यं होती. परक्या गावात खारू आजारी पडली आणि डॉक्टरला नीट सांगता आलं नाही तर, या एका विचाराने मी रात्री-अपरात्री वही उघडून बसायचे. म्हणून वाक्य बिनचूक बसेपर्यंत मी तोंड उघडत नव्हते. फेरीला जायचे, दुकानाच्या दारात उभी राहून लोकांचं बोलणं ऐकायचे आणि परत यायचे. कोण कसं हसतं, कोण कोणाशी कसं बोलतं, सगळं मला माहीत होतं. मला मात्र तिथे कोणीच ओळखत नव्हतं.

मग एके दिवशी बाईंनी फळ्यासमोर उभं राहून सांगितलं, "अकरा दिवस राहिले." पाहत माझ्याकडे होत्या. नवऱ्याने फक्त माझ्या ताटातला थंड झालेला ब्रेड उचलून आपला गरम ठेवला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा मी जे केलं ते करायला माझ्यासारखीच हुशार बाई लागते. मी चुका तयार केल्या. खारू दुपारी झोपली की पलंगावर बसून सुबक अक्षरात चिठ्ठ्या लिहायचे. बेकरीवाल्याला असं म्हणाले, तो तसं हसला. लाँड्रीवालीला तसं म्हणाले, तिने भुवया उंचावल्या. सगळ्यांचे चेहरे पाठच होते, त्यामुळे काही अवघड गेलं नाही. तीन दिवसांत बासष्ट. न्याहारीला टाळ्या पडल्या. नवऱ्याने तर बाकावर ताल धरला. "बघा! माझी बायको सुटली की गाडी थांबत नाही!" असं सगळ्यांना सांगत सुटला. त्या कौतुकाने माझे कान तापले.

चौथ्या दिवशी मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. बाई आल्या, चादरीचं दुसरं टोक धरलं, झटकायला मदत केली आणि खिशातून माझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून माझ्या हातात ठेवला.

"बेकरी सोमवारपासून बंद आहे," त्या म्हणाल्या. "भट्टी दुरुस्त करतायत."

बस, एवढंच. चिमटे लावायला मदत करून निघून गेल्या. रागावल्या नाहीत, की कोणाला सांगेन म्हणाल्या नाहीत. मी तिथेच ओल्या चादरीआड उभी राहिले. लोकांना सत्य सांगायला सातासमुद्रापार निघालेली मी, इथे वसतिगृहात बसून खोटं लिहीत होते. तेही कशासाठी, तर कोणी मला हसू नये म्हणून.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो खारूच्या खिशातले खडे काढत होता. उरलेले खडे ओंजळीत घेतले. मग म्हणाला, "उद्या सांगशील?"

"सांगेन. पण मग आपण जाऊ शकणार नाही."

"नाही गेलो तर नाही गेलो. बस चालवता येते मला अजून." आणि एक खडा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "पण पोलिशमध्ये सांग हं. मराठीत रडशील."

सकाळी मी उभी राहिले. वही खोलीतच ठेवली होती. आधी फळ्यापाशी जाऊन हाताने माझ्या बासष्ट रेघा पुसल्या. सहा उरल्या. मग वळून बोलायला लागले. जे बोलले त्याचं मराठी करायचं तर साधारण असं होईल:

"मी खोटा बाई. मी घरात चुका शिजवला. बेकरी झोपला होता, मी त्याला जागा लिहिला. मला भीती. माझी मुलगी ताप होईल, मी डॉक्टरला बरोबर पाहिजे. म्हणून मी तोंड कुलूप. आता तोंड उघडा आहे. मला क्षमा कापा."

शेवटच्या वाक्याला कोणालातरी हसू फुटलं. मग सगळ्यांनाच. नवरा डोळे पुसत होता, हसून की कशाने ते मी विचारलं नाही. त्या गोंधळात मला मागून टकटक ऐकू आली. बाई फळ्यापाशी होत्या. मी बोलत असताना एकेक रेघ ओढत होत्या, अगदी शांतपणे, नाडीचे ठोके मोजावेत तशा.

"एकोणीस," त्या म्हणाल्या. "सगळ्या खऱ्या."

एकोणीस आणि सहा पंचवीस. सात दिवस आणि पंचाहत्तर रेघा. त्याच दुपारी खारूला कडेवर घेऊन मी औषधांच्या दुकानात शिरले आणि वहीतलं एकही वाक्य न आठवता तिच्या खोकल्याबद्दल सांगायला लागले. दुकानदारीण ऐकत राहिली, चुकलं तिथे दुरुस्त करत राहिली, शेवटी काउंटरच्या बाहेर आली आणि खारूच्या छातीला कान लावून म्हणाली, काही नाही, साधी सर्दी. तिला सगळं कळलं होतं! मी अकरा चुका केल्या होत्या आणि तिला सगळं कळलं होतं. लाँड्रीवालीकडे चौदा झाल्या. न्हाव्याच्या बायकोने तर चहाला बसवून घेतलं, आणि माझा नवरा खोटं बोलत नव्हता, चहा चांगला होता.

शेवटच्या दिवशी पत्र हातात पडलं त्यावर तिघांची नावं होती. खारूने ते खिशात घालायचा प्रयत्न केला.

सासूबाईंना फोन लावला. त्यांना लग्नाआधीपासून माझ्या गुणांचं फार अप्रूप.

"काय गं, किती मिळाले?"

"एकशे सात, आई."

"शंभरपैकी?"

"शंभर लागत होते. पण आई, ते गुण नाहीत. चुका आहेत."

मग त्या तोंड बाजूला करून शेजारणीला ओरडून सांगताना ऐकू आल्या, "ऐकलंस का गं? शंभर लागत होत्या, आमच्या सुनेने एकशे सात केल्या!"