गाळलेलं पान

"विमानाले नारळ फोडाले पायजे होता," खुशालराव म्हणाले, आणि ओसरीवरच्या साऱ्या माना एकदम हलल्या.

वामनरावांनी चष्मा काढून पुसला. पोथीतलं लोखंडी विमान नुकतंच पृथ्वी सोडून ताऱ्याच्या वाटेला लागलं होतं. आतल्या प्रवाशानं मागं वळून पाहिलं आणि म्हटलं, इथून एकही देऊळ दिसत नाही. वामनरावांनी ते वाचलं असं : "येथोनि देऊळ दिसेना, धुके फार."

धुकं त्यांनी पदरचं घातलं होतं.

अंजनगावच्या पानमळेवाल्यांच्या त्या आळीत दर श्रावणात पोथी लागे आणि ती वाचायची वामनरावांनीच. जुनी पोथी वाळवीनं खाल्ली म्हणून यंदा ते अमरावतीला गेले. अंबादेवीजवळच्या दुकानात एक जाडजूड पुस्तक दिसलं. वर नाव, 'सप्तर्षिलोकीचा प्रवास'. ऋषी आले, लोक आला, आणखी काय पाहायचं? घरी आणून चौरंगावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, संकल्प सोडला. दोन-तीन दिवस वाचल्यावर कळलं की ही कादंबरी आहे, आणि तिच्यात ऋषी औषधालाही नाही. त्या ताऱ्यावरची माणसं कोणाला जात विचारत नव्हती, कोणापुढे घंटा वाजवत नव्हती. पण संकल्प सोडून लावलेली पोथी मध्येच उठवली तर घराला लागतं. समाप्तीपर्यंत सुटका नव्हती.

ऐकणाऱ्यांची काही तक्रार नव्हती. वामनराव वाचायला शिकले तेच मुळी पोथीवर. तहशिलीतून आलेलं समन्सही ते ओवीच्या चालीत वाचत, आणि ज्याच्या नावाचं असे तो शेवटी हात जोडी. त्यांचे चुलतभाऊ खुशालराव तर अध्याय लागला की डुलकी काढत आणि संपला की सर्वांत मोठ्यानं जयजयकार करत. या व्यवहारात देवाचा आणि त्यांचा, दोघांचाही फायदा होता.

घाट्यात होते ते वामनराव. 'ईश्वर नाही' आलं की 'ईश्वर दिसत नाही' करायचं, उपासतापास आले की खोकायचं, आणि अंगावर घेण्यासारखं नसेल ते सरळ गाळायचं. दिवसा त्यांचं चित्त ठिकाणावर नसे. अंगणात जात, परत येत, कशाला गेलो होतो ते विसरत.

"बाबा, काल तुमी एक पान खाल्लं," समाप्तीच्या दिवशी सकाळी चुन्याची डबी पुढं ठेवत शकुन म्हणाली.

"रोजच खातो."

"पोथीतलं म्हणून राहिली मी."

चुना बोटावरच राहिला. शकुन त्यांची एकुलती एक लेक, चौथी शिकलेली. नवरा गेल्यावर माहेरी आली होती. नाव शकुन, आणि गल्लीत समोरून आली की माणसं वहाणेत खडा गेल्यासारखी खाली वाकत. वडील झोपले की दुपारी ती चौरंगावरचं पुस्तक वाचत असे, हे वामनरावांना आता कळलं.

कोणतं पान ते त्यांना विचारावं लागलं नाही. पानमळा म्हणजे देवाची जागा. जोडे काढून आत जायचं. विटाळशीनं जायचं नाही आणि विधवेनं तर कधीच नाही, अशी आळीची रीत. वामनरावांचे गुडघे गेले होते, वेली बांधायला शिडीवर चढवत नव्हतं. श्रावण लागतानाच खुशालरावांनी सांगून टाकलं होतं, "समाप्ती झाली का माहा पोरगा देवीदास तुह्या मळ्यात उतरते. मळ्याले माणूस पायजे." आणि शकुन म्हणाली होती, मी करीन ना बाबा. त्यावर वामनराव म्हणाले होते, समाप्ती तर होऊ दे.

"ते पान वाचा आज."

"लोक उठून जातीन, शकुन."

"तुमच्या चालीत कोणी उठत नाई. झोपते."

संध्याकाळी ओसरी भरली. वामनरावांनी शेवटचा अध्याय वाचला, आणि जयजयकारासाठी हात वर व्हायच्या आत मागं जाऊन ते पान काढलं. चाल धरली. ताऱ्यावरच्या बागेत प्रवासी सांगतो, आमच्याकडे बागेत स्त्रीला मज्जाव आहे, देवाची तशी आज्ञा आहे. तिथली म्हातारी माळीण विचारते, ही आज्ञा देवाने कोणाला सांगितली?

इथं वामनरावांची चाल सुटली. पुढचं त्यांनी बोलल्यासारखं वाचलं.

"पुरुषांना, प्रवासी म्हणाला. माळीण म्हणाली, मग स्त्रियांना का नाही सांगितली? त्या दिवशी त्या कुठे गेल्या होत्या?"

गिरणी थांबली की जाग यावी तसे खुशालराव जागे झाले. "हे पोथीत हाय?"

"हाय."

"मी त घरीच होती बाप्पा," बायांच्या बाजूनं माणिकबाई म्हणाली. ती खुशालरावांचीच बायको. पदराआड दबलेलं हसू या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

"पोथीतलं पोथीत ठेवा," खुशालराव म्हणाले. "देवीदास सकाळी मळ्यात उतरते. त्याले घेऊन मी येतो."

मग नारळ फुटला. सगळे पुस्तकाच्या पाया पडले. खुशालरावांनी तर त्यावर कपाळ टेकवलं.

सकाळी वामनराव उठले तेव्हा घरात कोणी नव्हतं. काठी टेकत ते मळ्यावर आले. फाटकाशी शकुनच्या वहाणा होत्या, एकमेकींना लागून, तोंडं आतल्या बाजूला. वेलींच्या दाटीतून शिडीची करकर ऐकू येत होती.

खुशालराव आधीच येऊन उभे होते. देवीदास मागं बैलगाडीपाशी थांबला होता.

"कोणाच्या वाहाना ह्या?" खुशालरावांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

वामनराव पुढं झाले. गुडघ्यावर हात ठेवून ते वाकले, जोडे काढले, शकुनच्या वहाणांशेजारी ठेवले, आणि एक वाकडा झाला होता तो पायानं सरळ केला.

"कोण हाय?" आतून आवाज आला.

"मी हाय. शिडी धरतो."

खुशालराव फाटकाशी उभेच राहिले. एकदा त्यांचा हात खाली गेला, पण त्या वहाणांशेजारी आपले जोडे काढायचे म्हटल्यावर तसाच वर आला. आत शिडीची करकर थांबली, दुसऱ्या वेलीपाशी पुन्हा सुरू झाली. त्यांचे जोडे पायातच होते.