न हसता ऐकलेली गंमत

सुतारकाकांच्या छातीत आयुष्यभराचा लाकडाचा भुसा बसला होता. आता हसलं तरी त्यांना धाप लागायची, म्हणून काकूंनी गमतीजमती सांगणंच सोडलं होतं.

एका दुपारी काका म्हणाले, "रागावलीस का गं? मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प असतेस."

"हसवून जीव घेऊ का तुमचा?"

"नाही हसणार. सांग."

मग काकूंनी शेजारच्या शिंपिणीची गंमत सांगितली. तिने रागाच्या भरात नवऱ्याच्या विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले, आणि तो घाईत तसाच उड्या मारत गिऱ्हाइकासमोर गेला.

काकांनी ओठ घट्ट मिटले. मानेच्या शिरा तटतटल्या, पण चेहरा त्यांनी दगडासारखा ठेवला.

"पुढे?"

त्यांचा तो चेहरा पाहून काकूंनाच इतकं हसू फुटलं, की पुढचं सांगताच आलं नाही.