हेमाताई मला नाही म्हणाल्या

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. स्वारगेटच्या मागच्या एका गल्लीत शमशुद्दीनभाईंचे पुस्तकबांधणीचे दुकान आहे, तिथे मी राहतो. माझा रंग पुठ्ठ्यासारखा, म्हणून नावही पुठ्ठ्या. मला आता तेरावे वर्ष सरते आहे. मागच्या पायांत जोर उरलेला नाही आणि डाव्या डोळ्याने धुरकट दिसते. आपल्याला कोणी निवडले हे सगळेच अभिमानाने सांगतात. मला मात्र एका बाईंनी निवडले नाही, आणि तरीही त्यांच्याइतके मोठे माणूस मी पाहिलेले नाही. माझी गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते.

माझा जन्म कर्वेनगरमधल्या एका कॉलेजात, सायकल स्टँडच्या मागे झाला. आईच्या पिल्लांपैकी दोघेच जगलो. मी आणि माझी पांढरी बहीण. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई रस्ता ओलांडताना गाडीखाली गेली. कॉलेजचे पहारेकरी संपत यांनी आपल्या डब्यातली भाकरी दुधात कुस्करून आम्हाला जगवले. जून उजाडला, कॉलेज उघडले, आणि ऑफिसातून निरोप आला की पिल्ले आठ दिवसांत हलवा.

हेमाताई त्या कॉलेजच्या ग्रंथपाल होत्या. पन्नाशीला आलेल्या, मोजके बोलणाऱ्या. जवळच्याच एका सोसायटीत त्या आपल्या आईबरोबर राहत. आई आनंदीबाईंच्या खुब्याचे हाड मोडून जोडलेले होते, त्या घरात काठी घेऊन चालत. कुत्रे पाळायचे हे मायलेकींनी आधीच ठरवले होते. फक्त एक की दोन, हे ठरायचे होते.

बाकी सगळ्यांचे मत ठरलेले होते. शिक्षक, कारकून, वाचायला येणाऱ्या मुली, जो तो म्हणे की भावंडांना तोडू नका. संपतही हात जोडून म्हणाले, "मॅडम, जोडी हाय. फोडू नका."

हेमाताईंचेही मन दोघांकडे ओढत होते. पण त्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आल्या. डॉक्टरांनी सांगितले की एका विणीची दोन पिल्ले एकत्र वाढली, तर ती बहुधा एकमेकांतच गुंततात. माणसाकडे बघायलाच शिकत नाहीत. एक दुसऱ्याच्या सावलीत खुरटते, आणि मोठेपणी कधीकधी दोघे हाडवैऱ्यासारखे भांडतात. असे होतेच असे नाही. दोघांना वेगवेगळे फिरवले, वेगवेगळे शिकवले, तर छान वाढतात. पण ते काम दुप्पट नाही, चौपट आहे.

घरी आनंदीबाई म्हणाल्या, "दोन आण, चार आण. मी काठी टाकून देते, म्हणजे त्यांना धावायला जागा होईल." हे संपतना सांगताना हेमाताई हसल्या होत्या. पण बोलण्यातला काटा त्यांना कळला होता. दिवसभर त्या कामावर असणार, आणि पायात घुटमळणारी दोन पिल्ले आईच्या वाट्याला येणार.

त्यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. हातात असलेल्या आठ दिवसांत त्या आम्हाला ओळखायला लागल्या. वाचनालय बंद झाले की त्या एकाला उचलून मागच्या पायऱ्यांवर नेत आणि अर्धा तास त्याच्याजवळ बसत. मग त्याला ठेवून दुसऱ्याला नेत.

तोवर सगळे मला शूर समजत होते. मी स्कूटरवर भुंकायचो, बहिणीच्या ताटलीतले खायचो, आणि ती माझ्यामागे अंग चोरून उभी राहायची. पण पायऱ्यांवर एकटा गेलो आणि माझे शौर्य गळून पडले. पहिले तीन दिवस मी नुसता ओरडत होतो. हेमाताईंनी पुढे केलेल्या पोळीच्या तुकड्याकडे पाहिलेही नाही. बहीण मात्र पहिल्या दिवशी थरथरली, दुसऱ्या दिवशी हुंगू लागली आणि चौथ्या दिवशी हेमाताईंच्या मांडीवर डोके टेकून झोपी गेली. भित्री ती नव्हतीच. माझ्या गडबडीत तिला तिचे असे काही करताच येत नव्हते, एवढेच. आणि माझी गोष्ट उलटी होती. माझ्या मागे ती उभी असेल तेवढ्यापुरताच मी शूर होतो.

आठव्या दिवशी हेमाताईंनी संपतना सांगितले की त्या फक्त माझ्या बहिणीला नेणार आहेत. मी खाली, त्यांच्या पायाशी होतो. त्या माझ्यासमोर बसल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुला नाही नेत मी. दिवसभर सोबत राहील असं माणूस हवं तुला. मी दहाला जाते, सहाला येते. माझ्याकडे तू बिघडशील."

मला त्यातले काय कळणार? त्यांनी माझ्या बहिणीला पदरात घेतले आणि फाटकातून निघून गेल्या. त्या संध्याकाळी मी फाटकाच्या गजांत तोंड घालून घसा बसेपर्यंत ओरडलो.

कॉलेजात हेमाताईंना बरेच ऐकून घ्यावे लागले. एका प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारले, "ग्रंथाचे दोन खंड वेगळे ठेवलेले तुम्हाला चालत नाहीत, आणि ही सख्खी भावंडं चालली?"

हेमाताई म्हणाल्या, "ग्रंथाला शिकवावं लागत नाही, सर."

त्या एवढेच बोलल्या, पण करत होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त. ऑफिसात जाऊन त्यांनी माझ्यासाठी आणखी मुदत मागून घेतली. संपतच्या चौकीत माझ्यासाठी पोते अंथरले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉलेज उघडायच्या तासभर आधी, त्या हजर झाल्या. फक्त माझ्यासाठी. त्यांच्या साडीला बहिणीचा वास येत होता, म्हणून मी धावत गेलो. वास होता, बहीण नव्हती. मी रुसून पाठ फिरवली. त्या तिथेच बसून राहिल्या, आणि तासाभराने उठून वाचनालय उघडायला गेल्या.

असे त्या रोज आल्या, रविवारीसुद्धा. हळूहळू मी पाठ वळवेनासा झालो. बस म्हटले की बसायला, थांब म्हटले की थांबायला, हाक मारली की यायला त्यांनी मला शिकवले. माणसाच्या चेहऱ्याकडे बघायला शिकवले. ज्याला आपण नेणार नाही त्याला एवढे कशाला शिकवायचे, असे त्यांच्या मनात कधी आले असेल का? आले असले तरी मला ते कधी दिसले नाही.

त्या काळात मला न्यायला दोन घरे तयार झाली, आणि हेमाताईंनी दोन्ही परत पाठवली. एकांना मुलाच्या वाढदिवसाला भेट द्यायला पिल्लू हवे होते. दुसऱ्यांना बंद बंगल्याच्या राखणीला. संपत कुरकुरले की अशाने हे इथेच राहायचे. हेमाताई म्हणाल्या, थोडे थांबू.

मग एक दिवस शमशुद्दीनभाई फाटकी पुस्तके बांधणीला न्यायला आले. साठीचा, दणकट हातांचा माणूस. पण कान जवळजवळ गेलेले. पायऱ्यांवर बसून ते गठ्ठे बांधत होते, आणि मी त्यांच्या खळीच्या वासाच्या हातांना हुंगत होतो. वाचनालयाच्या दारातून हेमाताईंनी त्यांना दोनदा हाक मारली. त्यांना ती ऐकू गेली नाही. मला वाटले, या माणसाला हाकेला जायचे कोणी शिकवलेले दिसत नाही. मी त्यांच्या गुडघ्याला नाकाने ढुसणी दिली आणि हेमाताईंकडे पाहिले. भाईंनी माझ्याकडे पाहिले, मग मी बघत होतो तिकडे पाहिले, आणि ते उठले.

हेमाताई दारातच उभ्या राहिल्या. कशासाठी हाक मारली होती ते त्यांना आठवेना.

तरी त्यांनी मला लगेच दिले नाही. आधी दुकान पाहून आल्या. मग शमशुद्दीनभाईंच्या मुलीला, सलीमाला, वेगळे भेटल्या, कारण घर तीच सांभाळत होती. सलीमाला कुत्रे नको होते. वरच्या खोलीत नमाज होते, तिथे कुत्र्याचे तोंड लागता कामा नये, असे तिने स्पष्ट सांगितले. हेमाताईंनी तिची समजूत घातली नाही. तुमचे बरोबर आहे, म्हणाल्या, आणि मी खाली दुकानातच राहीन, जिन्याची एक पायरीही चढणार नाही, असे ठरले. मग पुढचे दहा दिवस त्या रोज संध्याकाळी स्वारगेटला आल्या आणि मला जिना न चढायला शिकवून गेल्या. मी आजवर ती पायरी चढलेलो नाही.

तिथून माझी कामाची वर्षे सुरू झाली. गिऱ्हाईक आले की मी शमशुद्दीनभाईंच्या गुडघ्याला ढुसणी द्यायचो. मागून टेम्पो आला की त्यांच्या पायात आडवा उभा राहायचो. लोक कौतुकाने म्हणत, भाईंनी कान पाळला आहे. लहानपणी मी खळीचे आख्खे भांडे चाटून आजारी पडलो, आणि कॉलेजच्याच एका शब्दकोशाचा कोपराही खाल्ला. तो हेमाताईंनी तसाच कपाटात लावून घेतला.

मी दुकानात आल्यावर महिनाभराने हेमाताईंनी बहिणीला भेटायला आणले. तिचे नाव तगर ठेवले होते. आम्ही गल्लीभर धावलो, लोळलो, एकमेकांचे कान चावले. मग दोघेही दमलो, आणि तगर आपण होऊन हेमाताईंच्या पायाशी जाऊन बसली. मी तिच्यामागे निघालो होतो. अर्ध्या वाटेत थांबलो. वळून शमशुद्दीनभाईंकडे गेलो. कोणी बोलावले नव्हते. त्यानंतर दर महिन्याला एका रविवारी आम्ही भेटत गेलो, आणि निघताना कोणीच ओरडले नाही.

वाईट दिवसही आले. सातव्या वर्षी शमशुद्दीनभाई आजारी पडून दोन महिने वर अंथरुणावर होते. दुकान बंद. मी जिन्याखाली वाट पाहत पडून असायचो, अंगावर धूळ बसायची. सलीमा येऊन लांबूनच ताटली सरकवायची. मी खाणे सोडले. एका दुपारी ती खाली आली, शटर अर्धे उघडले आणि माझ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली. "अब्बा बरे होतायत," ती म्हणाली. "खा आता." त्या दिवसापासून मी जेवेपर्यंत ती रोज तिथेच बसू लागली.

मागच्या वर्षी तगर गेली. झोपेतच गेली, आनंदीबाईंच्या पलंगाखाली. हेमाताई आता निवृत्त झाल्या आहेत. तगर गेल्यावर पंधरा दिवसांनी त्या एकट्याच दुकानात आल्या आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "याला मी नाही म्हटलं होतं. इतकी वर्षं झाली, पण ते अजून खुपतं."

शमशुद्दीनभाईंना ऐकू आले नाही. सलीमाने त्यांच्या कानाशी वाकून ते वाक्य मोठ्याने सांगितले. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली.

"मॅडम, तुम्ही हो म्हणाला असता," ते म्हणाले, "तर माझं काय झालं असतं?"

हेमाताईंनी पदर डोळ्यांना लावला. सलीमा चहा टाकायला वर गेली.

मित्रांनो, तुमच्या दारात कधी दोन पिल्ले एकदम आली, तर ती फार गोड दिसतील. दोघांनाही उचलावेसे वाटेल. तेव्हा आधी स्वतःला विचारा, दोघांना वेगवेगळा देण्याइतका वेळ माझ्याकडे आहे का? असेल तर जरूर दोघांना न्या. नसेल तर एकालाच न्या, त्यात पाप नाही. पण जो मागे राहील त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. तो रुसून पाठ फिरवेल. तरी त्याच्याजवळ बसा.