मीटरच्या खोलीतली लेक

सकाळचा दुसरा चहा झाला तरी ताई बाहेर आली नाही, तेव्हा आईने दार ढकललं. ते पुरतं उघडत नसे, ताईची गादी मध्ये येई. जिन्याखालची ही मीटरची खोली. भिंतीवर विजेचं मीटर आणि मेन स्विच, खाली गॅसचं मीटर. खिडकी नाही. वर वीतभर झरोका होता, तोही थंडी येते म्हणून वर्तमानपत्राने बुजवलेला.

"डोकं दुखतंय गं," ताई पडल्या पडल्या म्हणाली. "आणि कसला तरी वास येतोय."

आईने वास घेतला. गॅस! ताईला दंडाला धरून तिने अंगणात आणलं, झरोक्यातला कागद उपसून काढला आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन लावला.

ताई या घरची थोरली. नवऱ्याने आधी हात उगारला, मग पट्टा. दोन महिन्यांपूर्वी एक पिशवी घेऊन ती माहेरी आली. वरच्या मजल्यावर हवेशीर खोली रिकामी होती, पण ती धाकट्याची. धाकटा परगावी नोकरीला. सुट्टीत कधीमधी येई, एरवी खोलीला कुलूप. "त्याची खोली मोडायची नाही," असं अप्पांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "ही काय, चार दिवसांत जाईल परत."

मीटर बाहेर हलवून ताईला धड खोली करून द्यावी, हा धोशा आईने तेव्हापासून लावला होता. अप्पा चपलांच्या दुकानात जाता जाता पायरीवरूनच उत्तर देत.

"मीटर हलवायचं म्हणजे कंपनीची माणसं, वायरमन, गवंडी. शेजारीपाजारी विचारतील, काय चाललंय? काय सांगू? लेक कायमची आली म्हणून?"

"आलीय तर आलीय म्हणायचं."

"काही म्हणायचं नाही! मी सुताराला सांगितलंय. मीटरांवर फळ्या मारून कपाट करेल. दिसलं नाही, की झालं."

आईच्या अंगाचा तिळपापड होई. ह्यांना मीटर नव्हे, पोरगी झाकायची होती. पण तिचं बोलणं संपायच्या आत अप्पा कोपऱ्यावर पोचलेले असत.

आज मात्र गॅसवाला आला तेव्हा अप्पा अजून घरातच होते. त्याने सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. एका सांध्यावर बारीक बुडबुडे आले. त्याने लाइन बंद केली आणि गादीकडे बघत विचारलं, "इथे कोणी झोपतं?"

"छे! अडगळीची खोली आहे," अप्पा म्हणाले.

ताई दारात उभी होती. तिने मान खाली घातली. आईला ते बघवेना.

"झोपते. माझी लेक झोपते," ती म्हणाली. "आणि ती आता इथेच राहणार आहे. कायमची."

"अगं, परक्या माणसासमोर…"

"असू दे परका. आपल्या माणसांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

गॅसवाल्याने सुताराने बाहेर आणून टाकलेल्या फळ्यांकडे बोट केलं. "ह्या मारू नका हं. गळलेला गॅस आत कोंडेल, आणि वरच विजेचा स्विच. दोन्ही मीटर बाहेरच्या भिंतीवर घ्यावी लागतील. गॅसचं आम्ही करू, विजेचं वीज कंपनी. घरच्यांनी हात लावायचा नाही. मग खिडकी काढा, दोन्ही लाइनी तपासून घ्या. तोवर इथे कोणी झोपायचं नाही."

"मग हिने झोपायचं कुठे?" अप्पा खेकसले.

आईने खिळ्यावरची किल्ली घेतली आणि जिना चढू लागली.

"आई, राहू दे," ताई मागून म्हणाली. "माझ्यापायी भांडण नको."

"भांडण माझं आहे. तू गादी उचल."

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. अप्पांनी त्याच्या कानावर घातलंच होतं.

"आई, मग मी आलो की झोपू कुठे?"

"बैठकीत. पाहुण्यांना आपण तिथेच पथारी घालतो."

धाकट्याने फोन ठेवला.

मीटर बाहेर गेली. खिडकीही निघाली. त्या काळात अप्पा आईशी अवाक्षर बोलले नाहीत. जेवताना पाणीसुद्धा स्वतः उठून घेत. आईनेही त्यांना बोलतं करायची धडपड केली नाही.

गवंडी खिडकीला गिलावा करत होता, तेव्हा शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. त्यांची लेकही अशीच आली होती; समजूत घालून त्यांनी तिला तीनदा परत पाठवली होती.

"ताई अजून किती दिवस आहे हो?"

"राहतेच ती इथे. तुमची कशी आहे?"

"आहे आपल्या घरी."

"सुखात?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. ओल्या गिलाव्याकडे बघत हळूच विचारलं, "हा गवंडी… दुसरीकडे कामं घेतो का हो?"